घडीच्या दाराची डावी पट्टी

काशीद, ता. मुरुड
रविवार, ५ जानेवारी २०२५

रत्नपालकाका,
सप्रेम जयभीम.

मी साक्षी. अजितची मुलगी, धर्माजी आजोबांची नात. आपण शेवटचे भेटलो ते आजोबा गेले तेव्हा, त्यांच्या पुण्यानुमोदनाला. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, यार्डातल्या हातोड्यांनी कान नेले, फोन करू नकोस, काही विचारायचं असलं तर कागदावर विचार. म्हणून हे पत्र. फोटो पाठवायचं मनात आलं होतं, पण तुमचा फोन बटणांचा आहे आणि फोटोत मापही येत नाही.

सुरूच्या बनामागे अतियाचाचींचं घर आहे. त्यातलं भिंतीतलं कपाट तुम्ही आणि आजोबांनी मिळून बसवलं, असं आजोबा सांगायचे. त्याला घडीचे दरवाजे आहेत, तिरप्या झडपांचे. एक जोडी एका बाजूला दुमडते, दुसरी जोडी दुसऱ्या बाजूला. चाचींच्या यजमानांनी, अब्दुस्समदचाचांनी, ते शारजाहून आणवले होते.

परवा शुक्रवारी मी घर उघडून हवा खेळवायला गेले, तेव्हा त्यातली एक पट्टी तुटली. दाराची खुंटी तळाशी ज्या लोखंडी पट्टीत बसते, ती. दार उघडताना तुटली. आता ती जोडी लोंबकळते आहे.

मुरुडला दोन आणि अलिबागला तीन दुकानांत विचारलं. एकाने सरकत्या दाराची चाकं दाखवली. दुसरा म्हणाला, "म्याडम, सगळी दारंच बदला, हे आता कुणी वापरत नाय." बाबा म्हणतात, पडदा लाव. पण काका, ते घर आपलं नाही. अठरा वर्षं त्याची चावी आजोबांकडे होती आणि त्या घरातला एक कपसुद्धा फुटला नाही. माझ्याकडे चावी आली त्याला दोनच वर्षं झाली. चाची शारजाला राहतात; रमजान इथे करायला वीस फेब्रुवारीला येणार आहेत. त्यांना दार मोडलेलं दिसलं तर चावी आमच्याकडे राहणार नाही. तसं व्हावंच असं माझं एक मन म्हणतं, आणि दुसऱ्या मनाला रात्री झोप लागत नाही.

अगदी तशीच पट्टी कुठे मिळेल का?

तुमची पुतणी
साक्षी

—

जासई, ता. उरण
१३ जानेवारी

चि. साक्षी,
जयभीम.

पत्र पोचलं. अक्षर हुबेहूब धर्माजीकाकांचं हाय, वर नाव न्हाय वाचलं तरी कळलं असतं.

कपाट आठवतं. चांगलंच आठवतं. खोक्यात दारं आली, पट्ट्या आल्या, खुंट्या आल्या आणि बसवायचा कागद आला तो अरबीत. धर्माजीकाका दोन तास तो कागद बघत बसले. मी म्हटलं, काका, तुम्हाला अरबी येतं? तर म्हणतात, "न्हाय, पण चित्रं तरी नीट बघू." त्या चित्रांवरून बसवलं आम्ही. बावीस वर्षं चाललं ना?

तर आता तू एवढं कर. तुटलेली पट्टी कोऱ्या कागदावर ठेव, टोकदार पेन्सिल तिच्या कडेकडेनं फिरव. माप इंच-सुतात लिही. मिलिमीटर माझ्या डोक्यात शिरत न्हाय. खुंटीची जाडी दोऱ्यानं घे, दोरा एकदाच गुंडाळ. आणि डावी का उजवी ते न विसरता लिही, कारण त्या पट्ट्या आरशातल्यासारख्या उलट-सुलट असतात. एकीची दुसरीला चालत न्हाय.

आमचं काम म्हणजे कंटेनरच्या तळाच्या फळ्या बदलायचं. दिवसभर लोखंडाच्या डब्यात. पण डब्याबरोबर जगभरचं भंगार येतं, त्यात बघतो.

रडत बसू नकोस. पट्टी हाय ती, किडनी न्हाय.

रत्नपाल

—

काशीद
शनिवार, १८ जानेवारी

रत्नपालकाका,
जयभीम.

सोबत रेखाटन आहे. तीनदा काढलं, तिसरं पाठवते. पट्टीचा अर्धा भाग जागेवर अडकून तुटला आहे, त्यामुळे आकार अपुरा वाटेल.

लांबी, जागेवर राहिलेला भाग धरून, तीन इंच दोन सूत. रुंदी एक इंच तीन सूत. आठ सुतांचा एक इंच, हे मला आजोबांनी सातव्या वर्षीच शिकवलं होतं, तेव्हा त्यात चूक नसावी. दोरा गुंडाळून कापलेला तुकडा कागदाला चिकटवला आहे. स्क्रूची भोकं दोन, आणि खाचेला करवतीसारखे सात दाते. पट्टी डाव्या बाजूची आहे.

तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, मी चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही. दमा होता. आजोबा शुक्रवारी त्या घराला हवा द्यायला जायचे तेव्हा मला बरोबर न्यायचे, आणि पाटी घेऊन आम्ही तिथल्या गार फरशीवर बसायचो. ते घर म्हणजे माझी पहिली शाळा. अजूनही आत पाऊल टाकलं की श्वास आपोआप खोल जातो. घरात कुणीच नसतं, पण सगळं कुणीतरी आत्ताच ठेवून गेल्यासारखं असतं. अब्दुस्समदचाचांचे तीन कोट कपाटात अजून टांगलेले आहेत. त्यांना उदाचा वास येतो आणि त्याच्या मागून डांबरगोळ्यांचा. लाटांचा आवाज त्या कपाटापर्यंत जरा उशिरा पोचतो, जणू वाटेत कुणाशी दोन शब्द बोलून येतो. चार वाजता ऊन झडपांतून शिरतं आणि मांडीवर एकेरी वहीच्या ओळींसारखं पडतं. मग तासभर त्या ओळी सरकत जातात. पुसट होतात. पानं संपतात तशा.

हे सगळं पट्टीच्या मापाला लागणारं नाही. क्षमा करा.

तुमची
साक्षी

—

जासई
२९ जानेवारी

चि. साक्षी,

पट्टी सापडली! सोबतच्या डबीत हाय, कापसात गुंडाळून. आता तिची कथा ऐक.

पनवेलला भंगारवाल्यांच्या चार गल्ल्या पायी फिरलो. एक म्हणाला, "चाचा, इसका जमाना गया." मी म्हटलं, माझा पण गेला, तरी मी हाय ना? शेवटी आमच्याच यार्डात जुनी हपिसाची केबिन मोडायला काढलीय, तिच्यात सामानाचं कपाट निघालं, घडीच्या दाराचं. रोज तिच्यासमोर बसून डबा खातो मी, आणि कधी मान वर करून बघितलं न्हाय. तुझा कागद त्या पट्टीवर ठेवला तर कड कडेला मिळाली. आता तू लिहिशील, काका, चोरली तर न्हाय ना. न्हाय. मुकादमाला विचारून काढली. तो म्हणाला, "रत्नपाल, उद्या केबिनचं छप्पर पण मागशील."

खरं सांगू? मला वाटलं होतं खिडकीकडची पट्टी गेली असणार. खारा वारा तिकडूनच लागतो, गंज आधी तिलाच धरायला पाहिजे. आणि खिडकी तर कपाटाच्या उजव्या हाताला. पण तू डावी लिहिलंस, आणि तू काय चुकणारी पोर न्हाय. म्हणून डावी काढली. लावून बघ आणि कळव.

रत्नपाल

—

काशीद
मंगळवार, ४ फेब्रुवारी

रत्नपालकाका,
जयभीम.

पट्टी बसत नाही. भोकं जुळतात, माप तंतोतंत आहे, पण खाचेचं तोंड भिंतीकडे जातं; ते खोलीकडे हवं. कान्हा सुतार बघायला आला होता. म्हणाला, "ताई, पायातलं पायताण उलटं घातल्यागत झालंय."

तुटलेली पट्टी खिडकीकडचीच आहे. म्हणजे उजवी. मी डावी कसं लिहिलं, कळत नाही. तुम्ही त्या उन्हात चार गल्ल्या फिरलात. मला फार लाज वाटते आहे.

तुम्ही पाठवलेली पट्टी परत पाठवते. मूळ पट्टीचा तुटका तुकडाही त्याच डबीत ठेवला आहे, म्हणजे पुन्हा गोंधळ नको. चाची यायला सोळा दिवस आहेत. त्या केबिनला उजव्या बाजूची पट्टी अजून असेल का? की केबिन मोडून गेली?

साक्षी

—

जासई
१० फेब्रुवारी

चि. साक्षी,

केबिन अर्धी मोडली, पण उजवी पट्टी मी तेव्हाच काढून खिशात टाकली होती. म्हातारा झालो तरी सुतार हाय. जोडीतलं एक काढलं की दुसरं काढायचंच, ही सवय. तिला थोडा गंज हाय, रॉकेलमध्ये बुडवून ठेवलीय. दोन-तीन दिवसांत धाडतो. मूळ तुकडाही मिळाला, बघितला.

आता तुझ्या लाजेबद्दल. त्यात तुझा काय दोष? धर्माजीकाकांनी तुला समोर बसवून शिकवलं असणार. मास्तर समोर बसला की त्याचा उजवा हात पोराच्या डाव्या बाजूला येतो. तो म्हणतो हा उजवा, आणि पोर शिकतं उलटं. आमच्या आवडाबाईचं तसंच झालंय. लग्नाला चाळीस वर्षं झाली, अजून ती मला डावीकडे वळा सांगते आणि हात उजवीकडे करते. मी हात बघूनच चालतो.

तेव्हा चूक धर्माजीकाकांची, ते गेले, विषय संपला. पट्टी बसली की कुणाला काही कळायचं न्हाय.

रत्नपाल

—

काशीद
गुरुवार, १३ फेब्रुवारी

रत्नपालकाका,
जयभीम.

तुमचं पत्र दुपारी आलं. वाचून आधी सुटल्यासारखं वाटलं. मग चहा गाळता गाळता तसाच ठेवला आणि हे लिहायला बसले.

आजोबा माझ्यासमोर कधीच बसले नाहीत. ते माझ्या शेजारी बसायचे, खांद्याला खांदा लावून. दोघांची तोंडं एकाच दिशेला, पाटी मध्ये. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "समोर बसलो तर माझा उजवा तुझा डावा होईल, आणि तू जन्मभर घोटाळत राहशील." त्यांनी हा एवढा विचार केला होता, आणि मी गप्प बसले तर नेमकी तीच चूक त्यांच्या नावावर जाईल. ती मला जाऊ देता येत नाही.

माझं डावं-उजवं चुकलं नव्हतं. ती पट्टी मला डावीकडेच होती, कारण मी कपाटाच्या आत होते.

दोन वर्षं दर शुक्रवारी मी खिडक्या उघडते, केर काढते, आणि मग कपाटात जाऊन बसते. कोटांच्या खाली, गुडघे पोटाशी घेऊन. आतून दोन्ही जोड्या ओढून घेते. पहिल्यांदा बसले ती आजोबा गेल्यावरच्या दुसऱ्या शुक्रवारी. खोली खूप मोठी वाटत होती म्हणून. सुरुवातीला पुस्तक न्यायची, नंतर तेही नेईनाशी झाले. आत मला कसलीच भीती वाटत नाही. परीक्षेची नाही, लग्नाच्या बोलण्याची नाही, दम लागेल याचीही नाही. उजेडाच्या ओळी हातावर येतात, आणि मी बोटाने त्यांच्यावर काहीतरी लिहीत बसते. काय लिहिते ते मला आठवत नाही. बाहेर येते तेव्हा संध्याकाळ झालेली असते, आणि झोपून उठल्यासारखं वाटतं, पण झोपलेली नसते.

त्या शुक्रवारी दारं पूर्ण लागली होती, तरी एक बारीक फट राहिली होती. ती फट मिटावी म्हणून मी अजून ओढलं. तेव्हा पट्टी तुटली. दार उघडताना तुटली असं मी तुम्हाला लिहिलं, ते खोटं होतं. डावी कसं लिहिलं कळत नाही, हे दुसरं खोटं. तुमची पट्टी उलटी बसली तेव्हाच मला कळलं होतं.

चावी हवा खेळवायला दिली होती. दुसऱ्याच्या कपाटात, वारलेल्या माणसाच्या कोटांखाली जाऊन बसायला दिली नव्हती. चाचींना सांगितलं तर चावी जाईल, आणि मग माझे शुक्रवार कुठे जातील ते मला माहीत नाही. न सांगितलं तर शुक्रवार राहतील, पण मी आत बसले की फट राहिली आहे असंच वाटत राहील.

तुम्ही रागावला असाल तर पट्टी पाठवू नका.

साक्षी

—

जासई
१६ फेब्रुवारी

साक्षी बाळा,

पट्टी स्वप्निलच्या हातानं धाडतोय. आमच्या यार्डातला ड्रायव्हर हाय, मुरुडला सासरी चाललाय. पोस्टाच्या भरवशावर वेळ न्हाय आता.

मला माहीत होतं. तुझा तुटका तुकडा बघितला तेव्हाच. बाहेरून ओढलेली पट्टी बाहेर वाकते. ही आत वाकलेली. चाळीस वर्षं लाकूड-लोखंडात काढली, कुठनं जोर लागला एवढं कळतं मला. म्हणून तुला पळायला वाट काढून दिली होती. धर्माजीकाकांना काय, ते हसले असते. तर तू त्या वाटेवरनं परत फिरलीस. अगदी त्यांच्यावर गेलीयस, डोक्याला ताप.

बसवताना खालची खुंटी आधी पट्टीच्या खाचेत घाल. मग दार उचलून धर, वरची स्प्रिंगची खुंटी बोटानं दाब आणि रुळाच्या भोकाखाली आण. टक् झालं की सोड. घाई केलीस तर बोट चेमटेल. कान्हाला धरायला बोलाव, पण खुंटी तू दाब.

अतियाबाईला सांगायचं की न्हाय, ते मी सांगणार न्हाय. मी बहिरा माणूस, मला लोकांचं निम्मं ऐकू येत न्हाय आणि त्यातच सुख हाय. पण एक ध्यानात ठेव. पट्टी बसल्यावर सांगितलंस तर ते दारासाठी सांगितलं असं होणार न्हाय. दार तर नीट झालेलं असेल. ते तुझ्यासाठीच सांगितलेलं असेल.

रत्नपाल

—

काशीद
शनिवार, १ मार्च

रत्नपालकाका,
सप्रेम जयभीम.

पट्टी बसली. टक् झालं. कान्हा म्हणाला, "आता काय हात लावायला नको." मी पंधरा वेळा उघडून लावून बघितलं. बाहेरून.

चाची वीस तारखेला दुपारी आल्या. बरोबर त्यांची भाची मेहेक होती. मी चावी घेऊन ओट्यावर उभी होते. त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं, खिडक्यांच्या काचांवरून बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "माशाल्ला, धर्माजीभाऊंचा हात गेला तरी घराला कळलं नाय." मग कपाट उघडलं. दारं कशी अलगद दुमडली, काका! त्यांना काहीच दिसलं नाही. दिसण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हाच मी सांगितलं. मेहेक चहा करायला गेली होती. मी घरून वाक्यं ठरवून आणली होती, त्यातलं एकही जमलं नाही. पट्टी तुटल्याचं आधी सांगितलं, मग आत बसायचं.

चाची पलंगावर बसल्या.

"आत बसून करायचीस काय पोरी?"

"काही नाही, चाची."

"भ्यायची नायस?"

"बाहेर भिते. आत नाही."

त्यांनी कोटाची एक बाही हातात घेतली आणि तिची मोडलेली कड सरळ करत राहिल्या. "वीस वर्षं," त्या म्हणाल्या, "शारजाला झोपायला पडले की मी मनातल्या मनात हे घर उघडत्ये. हा दरवाजा, ही खोली, मग हे कपाट. दर वेळी आत काळोख, आन् ह्यांचे कोट टांगलेले. जवळ कोणी नाय. त्या काळोखानं मला किती रडवलंय, तुला काय सांगू. आन् तू तिथंच बसलेली होतीस?"

"दर शुक्रवारी," मी म्हणाले.

"या अल्ला." त्या हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही. मेहेक धावत आली. "खाला, काय झालं?" चाची म्हणाल्या, "काय नाय, चहात साखर कमी टाक."

मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. "चावी दे."

मी दिली. ती त्यांनी कनवटीला खोचली. त्यांच्या तोंडाकडे बघून राग आहे का ते कळत नव्हतं, आणि विचारायचं मला धैर्य झालं नाही. मी चपला घातल्या. फाटकापर्यंत आले तेव्हा त्यांनी खिडकीतून हाक मारली.

"साक्षी! सांगायला दोन वर्षं लावलीस, त्याचा राग हाय मला."

"हो, चाची."

"पुढच्या शुक्रवारी ये. कडी वाजवून ये."

आठवडाभर मी त्या वाक्याचे नाना अर्थ लावले. काल चार वाजता गेले. सुरूच्या बनातून जाताना वाट नेहमीपेक्षा लांब वाटली. वाळू पायाखालून मागे जात होती आणि मी तिथेच असल्यासारखी. लहानपणापासून त्या दाराशी मी शेकडो वेळा आले असेन. आधी आजोबांच्या बोटाला धरून, नंतर चावी घेऊन. पण आतून कुणी दार उघडेल म्हणून तिथे उभी अशी कधीच राहिले नव्हते. कडी कुठे आहे तेसुद्धा शोधावं लागलं.

मी कडी वाजवली. आत पावलं वाजली. ज्या घरात पावलं फक्त माझीच असायची, तिथे.

"कोण हाय?" चाचींनी विचारलं.

"मी," मी म्हणाले, आणि मग नीट मोठ्याने म्हणाले, "साक्षी."

तुमची पुतणी
साक्षी